मारुतीच्या छातीला पाणी : भावकवितेची लय, यमक आणि पुनरावृत्ती कशी तपासावी

कवितेची चाल ओळखता येणे आणि तिचे वृत्त ओळखता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाशिकमध्ये 27 फेब्रुवारीच्या आसपास, कुसुमाग्रजांच्या जयंतीनिमित्त, शाळाशाळांतून आणि सभागृहांतून कविता म्हटल्या जातात. म्हणणारी मुले चालीवर अगदी पक्की असतात. पण ‘या ओळीत मात्रा किती?’ असे विचारले की तीच मुले गप्प होतात. दोष त्यांचा नाही. वृत्ताची ओळख आपण त्यांना परीक्षेतील दोन गुणांपुरती करून देतो आणि या मोजणीचा कवितेच्या अर्थाशी काय संबंध आहे, हे सांगायचे राहून जाते. हा लेख त्या संबंधासाठी आहे. वृत्ताचे नाव शोधून थांबायचे असेल तर कोणतेही व्याकरणाचे पुस्तक पुरेल. कविता आपला नियम कोठे पाळते, कोठे वाकवते आणि त्या जागी काय घडते, हे ज्यांना पाहायचे आहे त्यांनी पुढच्या पायऱ्या वही-पेन्सिल घेऊन, क्रमाने कराव्यात.

सरावासाठी मी बारा ओळी मुद्दाम रचल्या आहेत. गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती नाशिककरांना पूर मोजण्यासाठी लागतो. पाणी मारुतीच्या कमरेला लागले की छातीला, एवढे सांगितले म्हणजे गंगेला पूर किती आहे हे घरबसल्या कळते. (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो.)

सकाळपासुन झड ही लागे
घाट मुका अन् पाणी जागे
वाटा बुडल्या, ओटे बुडले
मारुतिच्या पायाला पाणी

आई म्हणते, घरात ये ना
पुलावरुन हा पाय निघेना
गर्दी पाही, गर्दी बोले
मारुतिच्या कमरेला पाणी

अंधाराला वास जळाचा
उरला नाही माग तळाचा
कोणी नाही, कोणी नाही
मारुतिच्या छातीला पाणी

पहिली पायरी : चाल बाजूला ठेवून वाचणे

कविता तीनदा मोठ्याने वाचावी, आणि एकदाही गाऊ नये. चालीत स्वर हवे तसे ताणता येतात, त्यामुळे चुकलेली ओळही बरोबर वाटते आणि बरोबर ओळीतले बारकावे पुसले जातात. तिसऱ्या वाचनाच्या वेळी बोटाने मांडीवर ठेका धरावा आणि ठेका कोणत्या अक्षरावर पडतो तेथे पेन्सिलीने बारीक टिंब द्यावे. मोबाईलवर आपलेच वाचन ध्वनिमुद्रित करून ऐकले तर आणखी चांगले, कारण वाचताना आपण कोठे अडखळलो हे आपल्याला त्या क्षणी जाणवत नाही.

एक दक्षता येथेच सांगतो. कविता शक्यतो छापील पुस्तकातून घ्यावी. मोबाईलवर फिरणाऱ्या मजकुरात कोणीतरी शुद्धलेखन ‘सुधारलेले’ असते. ‘मारुतिच्या’चे ‘मारुतीच्या’ आणि ‘पासुन’चे ‘पासून’ झालेले असते, आणि मग कवीच्या ओळीत नसलेली चूक आपण त्याच्या माथी मारतो. नाशिककरांना पुस्तकासाठी लांब जावे लागत नाही. येथील सार्वजनिक वाचनालय 1840 पासून चालू आहे.

दुसरी पायरी : लघू आणि गुरू

आता प्रत्येक ओळ अक्षरे सुटी करून लिहावी आणि प्रत्येक अक्षराखाली ‘ल’ किंवा ‘गा’ लिहावे. अ, इ, उ, ऋ हे ऱ्हस्व स्वर असलेले अक्षर लघू, त्याची मात्रा एक. आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ असलेले अक्षर गुरू, त्याच्या मात्रा दोन. अनुस्वार किंवा विसर्ग असलेले अक्षर गुरू. म्हणून ‘अंधाराला’ मधला ‘अं’ गुरू. पाय मोडलेले अक्षर स्वतंत्र मोजायचे नाही, ते आपला भार मागच्या अक्षराला देते. म्हणून ‘अन्’ हे एकच गुरू अक्षर होते.

जोडाक्षरापाशी मात्र नवशिक्यांची सर्वांत जास्त गफलत होते, म्हणून तेथे थोडे थांबू. नियम असा सांगितला जातो की जोडाक्षराच्या आधीचे लघू अक्षर गुरू होते. हा नियम अर्धाच आहे. उरलेला अर्धा असा, की उच्चारताना त्या आधीच्या अक्षरावर आघात येत असेल तरच ते गुरू होते. ‘गर्दी’ म्हणून पाहा : जीभ ‘ग’वर टेकते, ‘गर्’ असा धक्का बसतो, म्हणून ‘ग’ गुरू. आता ‘बुडल्या’ म्हणा. ‘ल्या’ जोडाक्षर आहे, पण ‘ड’वर कसलाही धक्का नाही, तो लघूच राहतो. तीच गोष्ट ‘मारुतिच्या’ मधल्या ‘ति’ची, आणि ‘तुझ्या’, ‘तुम्ही’, ‘उन्हाळा’ या शब्दांतील पहिल्या अक्षरांची. महाविद्यालयात असताना मी एका कवितेतल्या ‘तुझ्या’चा ‘तु’ गुरू धरला, ओळीत एक मात्रा जास्त आली, आणि कवीचे वृत्त चुकले आहे असे निबंधात लिहून मोकळा झालो. कविता नीट होती. मी कानाऐवजी डोळ्याने मोजले होते. तेव्हापासून शंका आली की तो शब्द मी दोनदा मोठ्याने म्हणतो, आणि मगच खूण करतो.

अशीच दुसरी शंका शब्दाच्या शेवटच्या ‘अ’बद्दल येते. ‘घाट’ हा शब्द बोलताना आपण ‘घाट्’ असा तोडतो, पण पद्यात तो ‘घा’ आणि ‘ट’ असा दोन अक्षरांचा, तीन मात्रांचा धरायचा. उलट ऱ्हस्वदीर्घाच्या बाबतीत कवीने लिहिले आहे तेच प्रमाण. गद्यात ‘पासून’, ‘वरून’, ‘मारुतीच्या’ असेच लिहावे लागते, पण पद्यात वृत्तासाठी ऱ्हस्वाचे दीर्घ आणि दीर्घाचे ऱ्हस्व करण्याची मुभा आहे, आणि वरच्या कवितेत ती या तीन शब्दांत घेतली आहे. ‘मारुतीच्या पायाला पाणी’ असे लिहून मोजले तर सतरा मात्रा भरतात. ‘ति’ ऱ्हस्व केला की सोळा.

पहिल्या ओळीची मांडणी अशी होते : स (ल) का (गा) ळ (ल) पा (गा) सु (ल) न (ल), झ (ल) ड (ल) ही (गा) ला (गा) गे (गा). स्वल्पविरामाच्या आधी आठ मात्रा, नंतर आठ. बाकीच्या अकरा ओळी वाचकाने स्वतः कराव्यात. उत्तर प्रत्येक वेळी सोळा आले पाहिजे.

तिसरी पायरी : रचना कोणत्या जातीची आहे?

प्रत्येक ओळीपुढे दोन आकडे लिहावेत : अक्षरे किती आणि मात्रा किती. या दोन आकड्यांवरून बहुतेक वेळा निकाल लागतो.

अक्षरांची संख्या सारखी, आणि लघू-गुरूंचा क्रमही प्रत्येक ओळीत तोच, तर ते अक्षरगणवृत्त. समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक हे याचे सर्वांत सोपे उदाहरण. समर्थांनी नाशिकजवळच्या टाकळीला तपश्चर्या केली, त्यामुळे येथील घरांतून ते आजही पाठ असतात. ‘गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा’ ही ओळ मांडली तर ‘लगागा लगागा लगागा लगागा’ असा क्रम मिळतो. बारा अक्षरे, चार ‘य’ गण (गण म्हणजे तीन अक्षरांचा गट), वृत्त भुजंगप्रयात. लग्नात म्हटली जाणारी मंगलाष्टके बहुधा शार्दूलविक्रीडितात असतात : एकोणीस अक्षरे, आणि बाराव्या अक्षरावर यती, म्हणजे थांबा. गण ओळखण्यासाठी ‘यमाताराजभानसलगा’ हे सूत्र पाठ करावे; ज्या गणाचे अक्षर हवे त्यापासून तीन अक्षरे घेतली की त्या गणाचा लगक्रम मिळतो. ‘यमाता’ म्हणजे लगागा, ‘ताराज’ म्हणजे गागाल.

अक्षरांची संख्या ठरलेली, पण लघू-गुरूंचा हिशेब नाही, तर तो अक्षरछंद. पौष महिन्यात निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी दिंड्या त्र्यंबकेश्वरला निघतात, तेव्हा कानावर पडणारे कितीतरी अभंग याच जातीचे असतात. ‘सुंदर ते ध्यान / उभे विटेवरी / कर कटावरी / ठेवोनिया’ यात अक्षरे सहा, सहा, सहा, चार. मात्रा मात्र नऊ, नऊ, आठ, सात. येथे मात्रांचा मेळ घालत बसणे हा निव्वळ वेळेचा अपव्यय आहे.

आपल्या बारा ओळींत अक्षरे आठपासून अकरापर्यंत बदलतात आणि मात्रा सोळाच राहतात. म्हणजे हे मात्रावृत्त. सोळा मात्रांची, आठ-आठच्या दोन आवर्तनांची, म्हणजे फिरून येणाऱ्या सारख्या तुकड्यांची, ही रचना पादाकुलक या नावाने ओळखली जाते. माधव जूलियनांनी ‘छंदोरचना’ या ग्रंथात अशा आठ मात्रांच्या आवर्तनाला पद्मावर्तनी म्हटले आहे, कारण पद्म अष्टदल असते. सहा मात्रांचे आवर्तन ते भृंगावर्तनी. मराठी भावगीतांचा फार मोठा भाग या आवर्तनांवर उभा असल्यामुळे नवशिक्याने सुरुवात मात्रावृत्तापासून करावी, असे माझे मत आहे.

अक्षरे आणि मात्रा दोन्ही जुळत नसतील तर घाईने ‘मुक्तछंद’ असे लिहू नये. आधी आपली मोजणी तपासावी. नंतर ओळी एकाआड एक जुळतात का, ध्रुवपदाची ओळ वेगळ्या मापाची आहे का, हे पाहावे. यातले काहीच नसेल, तेव्हाच तो शब्द वापरावा.

चौथी पायरी : माप तेच, चाल वेगळी

ही पायरी बहुतेक मार्गदर्शनातून गळते, आणि माझ्या दृष्टीने तीच सर्वांत मोलाची आहे. सोळा मात्रा हे माप झाले. त्या सोळा मात्रा कशाने भरल्या आहेत यावर ओळीचा वेग ठरतो. ‘सकाळपासुन झड ही लागे’ या ओळीत अकरा अक्षरे आहेत, त्यांतली सहा लघू. जीभ पटपट चालते. ‘कोणी नाही, कोणी नाही’ या ओळीत आठच अक्षरे, सगळी गुरू. त्याच सोळा मात्रांत ओळ जडपणे पडते. म्हणून प्रत्येक ओळीतल्या लघू अक्षरांची संख्या समासात लिहून ठेवावी. एवढ्या एका आकड्याने कविता कोठे धावते आणि कोठे थबकते हे नजरेसमोर येते.

मात्र लगेच ‘सगळे गुरू म्हणजे शांतता’ असे समीकरण मांडू नये. ‘गर्दी पाही, गर्दी बोले’ ही ओळही आठ गुरूंचीच आहे, आणि तेथे तर पुलावर माणसांची दाटी आहे. गुरूला स्वतःचा अर्थ नसतो. येथे पाहण्यासारखे आहे ते हे, की दुसऱ्या कडव्यात ज्या साच्यात गर्दी बसवली होती, हुबेहूब त्याच साच्यात, कडव्याच्या त्याच जागी, तिसऱ्या कडव्यात ‘कोणी नाही’ आले आहे. कानाला ओळखीचा ठेका ऐकू येतो आणि त्यातली माणसे निघून गेलेली असतात.

थांबेही तपासावेत. प्रत्येक कडव्याच्या तिसऱ्या ओळीत आठव्या मात्रेवर शब्द संपतो, तेथे स्वल्पविराम आहे आणि ओळीचे दोन सारखे तुकडे पडतात. लगेच पुढच्या ओळीत आठवी मात्रा शब्दाच्या पोटात येते : ‘मारुतिच्या पा’ येथे आठ, ‘याला पाणी’ येथे आठ. म्हणजे ही ओळ मधून तोडताच येत नाही, ती एका श्वासात म्हणावी लागते. दोन तुकड्यांनंतर एक सलग ओळ, असे तीनदा घडते.

पाचवी पायरी : यमक

यमक केवळ शेवटच्या अक्षरावर ठरवू नये. ‘लागे’ आणि ‘निघे’ यांत ‘गे’ आणि ‘घे’ जवळचे असले तरी कानाचे समाधान होत नाही. ‘लागे’ आणि ‘जागे’ यांत ‘गे’च्या आधीचा ‘आ’सुद्धा जुळतो, म्हणून ते पक्के यमक. उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या, स्वरापासून पुढचे सगळे जुळते का, हे पाहावे. त्याहूनही मागे जाऊन जुळत असेल तर यमक अधिक भरीव होते : ‘जळाचा’ आणि ‘तळाचा’ यांत पहिले व्यंजन सोडले तर सर्व काही एक आहे.

यमकांची खूण अक्षरांनी करावी. जुळणाऱ्या ओळींना तेच अक्षर द्यावे. येथे ‘अ अ ब क, ड ड इ क, फ फ ग क’ असे चित्र निघते. दोन गोष्टी लगेच दिसतात. तिसऱ्या ओळीला जोडीदार नाही, आणि चौथ्या ओळीचा जोडीदार त्याच कडव्यात नसून पुढच्या कडव्यात आहे. कडवे मिटल्यासारखे वाटत नाही, काहीतरी यायचे राहिले आहे असे वाटते, त्याचे एक कारण या चित्रात आहे.

चित्र काढल्यावर जुळलेले शब्द वहीत शेजारी-शेजारी लिहून त्यांचे अर्थ एकमेकांसमोर ठेवावेत. ‘ये ना’ आणि ‘निघेना’ ही जोडी पाहा. एका बाजूला दोन शब्द, दुसऱ्या बाजूला एक. डोळ्याला वेगळे, कानाला सारखे. पण पहिला ‘ना’ आर्जवाचा आहे, आईच्या तोंडचा, ‘ये ना रे’ मधला. दुसरा ‘ना’ नकाराचा आहे, पाय निघत नाही असे सांगणारा. आईच्या हाकेतल्याच नादाने मूल तिला नकार देते. असा शोध लागला की यमक ही ओळीच्या टोकाला लावलेली झालर नव्हे, हे शिकवावे लागत नाही. प्रत्येक जोडीत असे काही सापडेलच असे नाही. ‘लागे–जागे’ ही साधी जोडी आहे, पाऊस लागतो आणि पाणी जागे होते, यापलीकडे तीत मी काही वाचणार नाही.

सहावी पायरी : पुनरावृत्ती

दोनदा आलेला प्रत्येक शब्द, शब्दसमूह आणि वाक्याचा साचा अधोरेखित करावा, आणि मग एकच प्रश्न विचारावा : दुसऱ्या वेळी काय बदलले? काही बदलले नसेल तर तेही उत्तरच आहे.

ध्रुवपदापासून सुरुवात करू. ‘मारुतिच्या … पाणी’ ही चौकट तिन्ही वेळा तीच आहे, बदलतो फक्त मधला शब्द : पायाला, कमरेला, छातीला. पूर चढतो हे कवितेत एकदाही क्रियापदाने सांगितलेले नाही. ते या एका बदलत्या शब्दाने कळते. ओळीला क्रियापदच नाही, हेही नोंदवावे. घाटावर उभे राहून लोक असेच बोलतात.

आता तिसऱ्या ओळी एकाखाली एक लिहा. ‘वाटा बुडल्या, ओटे बुडले’ : कर्ते दोन, क्रिया एक, आणि तीही लिंगाप्रमाणे रूप बदलून आलेली. ‘गर्दी पाही, गर्दी बोले’ : कर्ता एक, क्रिया दोन. ‘कोणी नाही, कोणी नाही’ : सर्वच तेच, काहीही बदललेले नाही. पाणी चढते तसतशी पुनरावृत्ती दाट होत जाते, आणि छातीशी पाणी येते तेव्हा ओळीत नवे सांगण्यासारखे उरलेले नसते. पुनरावृत्ती म्हटले की आपण ‘जोर देण्यासाठी’ असे सरसकट लिहितो. उत्तरपत्रिकेत ते खपते, पण त्याने कवितेबद्दल काहीच कळत नाही.

अनुप्रासही याच वेळी पाहून घ्यावा, पण त्यात फार गुंतू नये. ‘पायाला पाणी’ मधला ‘प’ कानाला जाणवतो. दुसऱ्या-तिसऱ्या ध्रुवपदात तो राहत नाही. एवढी नोंद पुरे.

सातवी पायरी : लिहून काढणे

निरीक्षणे जमली की त्यांचा एक परिच्छेद करावा, आणि प्रत्येक वाक्यात दोन बाजू असाव्यात : काय मोजले आणि त्या जागी अर्थात काय घडले. ‘कवितेत पादाकुलक वृत्त, सुंदर यमके व प्रभावी पुनरावृत्ती आहे’ हे वाक्य कोणत्याही शंभर कवितांना लागू पडते, म्हणून ते काढून टाकावे. त्याऐवजी असे लिहिता येईल : ‘दुसऱ्या व तिसऱ्या कडव्यांतील तिसरी ओळ आठ गुरूंच्या एकाच साच्यात बसवलेली असल्यामुळे, गर्दीच्या जागी आलेले “कोणी नाही” हे शब्द त्याच ठेक्यावर ऐकू येतात, आणि पुलाचे रिकामेपण आधीच्या गर्दीशी ताडून जाणवते.’ ‘सुंदर’, ‘प्रभावी’, ‘लयबद्ध’ ही विशेषणे पहिल्या मसुद्यात आली तर येऊ द्यावीत. दुसऱ्या मसुद्यात त्या प्रत्येकाच्या जागी ओळीतला शब्द उद्धृत करावा.

जी ओळ मोजणीत बसत नाही, तिच्याबद्दलही लिहावे. आधी उच्चार तपासावा, मग छापील पाठ, मग कवीने घेतलेली ऱ्हस्वदीर्घाची मुभा. तिन्ही पाहूनही एखादी मात्रा कमी-जास्त राहिली तर ती जागा लपवू नये. तेथे ओळीत काय म्हटले आहे ते पुन्हा वाचावे आणि जेवढे दिसते तेवढेच लिहावे.

यानंतरच्या सरावासाठी आठ ते सोळा ओळींचे, ध्रुवपद असलेले एक भावगीत घ्यावे, तेही ज्याची चाल आपल्याला पाठ नाही असे. पहिल्या वेळी दोन तास लागतात. पाचव्या-सहाव्या कवितेपासून लघू-गुरू लिहून काढण्याची गरज कमी होते, ठेका बोटांतच येतो. तरीही जोडाक्षराशी शंका आली की शब्द मोठ्याने म्हणून पाहण्याची सवय सोडू नये.